समास, तळटीप आणि साक्ष : विद्यार्थ्याच्या शोधनिबंधाच्या बाह्यरूपाचा इतिहास

१

साहित्याच्या अभ्यासात संहितेच्या सीमेवरील घटकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठा प्राप्त झाली. झेरार जनेत यांनी १९८७ साली ‘उंबरठे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या ग्रंथात ग्रंथनाम, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, टीप इत्यादींचा पद्धतशीर विचार केला आणि वाचक संहितेत प्रवेश करतो तो या उंबरठ्यांवरूनच, हे दाखवून दिले. मात्र वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः लिहावी लागणारी पहिली समीक्षात्मक संहिता म्हणजे विद्यापीठात सादर करावयाचा शोधनिबंध. आणि तिच्या उंबरठ्याची चिकित्सा क्वचितच होते. कागदाच्या चारही बाजूंना एक इंच समास सोडावा, ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवावे, उजव्या कोपऱ्यात पृष्ठांक द्यावा, संदर्भसूचीत आडनाव आधी लिहावे, या सूचना विद्यार्थी निमूटपणे पाळतो आणि परीक्षक निमूटपणे तपासतो. त्या कोणी, कशासाठी आणि कोणाला उद्देशून दिल्या होत्या, हा प्रश्न सहसा दोघांनाही पडत नाही.

तो विचारला म्हणजे असे आढळते की, शोधनिबंधाचे आजचे रूप कोणत्याही एका हेतूतून घडलेले नाही. त्यात तीन थर एकावर एक साचलेले आहेत. विद्वानांच्या वादातून आलेला साक्षीचा थर सर्वांत खालचा. त्यावर छापखान्याच्या व्यवहारातून आलेला सोयीचा थर. आणि सर्वांत वर, उच्च शिक्षणाच्या विस्तारातून आलेला परीक्षेचा थर. विद्यार्थ्याला वरचा थर तेवढा दिसतो. तळाचा थर विस्मरणात गेला, तर उरलेले दोन केवळ कर्मकांड होऊन बसतात. या कर्मकांडाची किंमत काय, हे ठरविण्यासाठी तिन्ही थर सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

२

विधानाबरोबर त्याचे प्रमाण वाचकापुढे ठेवण्याची पद्धत आधुनिक विद्यापीठाहून जुनी आहे. प्येर बेल यांचा ‘ऐतिहासिक व चिकित्सक कोश’ १६९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पानावर मूळ मजकूर वरच्या बाजूस अरुंद पट्टीसारखा वाहतो आणि खालची बहुतेक जागा टिपांनी व्यापलेली असते. पूर्वसूरींच्या चुका, परस्परविरोधी साक्षी, उताऱ्यांचे नेमके स्थळ हे सारे त्या टिपांत येते. कोशाचे खरे प्रतिपादन तळाशी चालते असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. या प्रथेचा अतिरेकही लवकरच झाला असावा; कारण १७४३ साली राबेनर या जर्मन उपरोधकाराने मूळ मजकूर नसलेल्या, निव्वळ टिपांच्या प्रबंधाची थट्टा केली. संहितेवाचून टिपा ही कल्पना विनोदी वाटण्यासाठी टिपांचा संकेत वाचकांत रुजलेला असावा लागतो.

टीप कोठे छापावी, हा प्रश्नही त्याच शतकातला. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला तेव्हा टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. त्याच वर्षी डेव्हिड ह्यूम यांनी प्रकाशकाला पत्र लिहून कुरकूर केली : टिपेचा आकडा दिसला की शेवटी जावे, तेथे बहुधा एखाद्या ग्रंथाचे नाव तेवढे मिळावे आणि पुन्हा मागे यावे, हा वाचकाला त्रासच होय, असे निर्देश पानाच्या कडेला किंवा तळाशी द्यावेत. पुढे गिबन यांच्या टिपा तळाशी आल्या. या तक्रारीत पुढच्या दोन शतकांचा वाद बीजरूपाने आहे. टीप वाचकाच्या डोळ्यांसमोर असावी की मुद्रकाच्या सोयीने दूर असावी, हाच तो वाद.

विद्यार्थी या इतिहासात प्रवेश करतो तो एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत. लिओपोल्ड फोन रांके यांनी १८२४ साली आपल्या पहिल्या इतिहासग्रंथासोबत आधीच्या इतिहासकारांच्या साधनांची चिकित्सा करणारा स्वतंत्र भाग प्रसिद्ध केला. बर्लिनमध्ये प्राध्यापक झाल्यावर निवडक विद्यार्थ्यांना जवळ बसवून मूळ साधने तपासण्याचे वर्ग त्यांनी चालविले. व्याख्यान ऐकून घेण्याच्या वर्गाहून हा चर्चावर्ग वेगळा होता. येथे विद्यार्थी स्वतः लिहून आणीत असे आणि त्याच्या लेखनाला एकच कसोटी लावली जाई : हे कोठे पाहिले? शोधनिबंधातील तळटीप म्हणजे या तोंडी प्रश्नाला आगाऊ दिलेले लेखी उत्तर होय. पुढचे सारे नियम या एका प्रश्नाभोवती जमलेले आहेत.

जर्मनीत शिकून आलेल्या अमेरिकन अध्यापकांनी ही पद्धत आपल्याकडे नेली. चार्ल्स केंडल ॲडम्स यांनी १८६९ साली मिशिगन विद्यापीठात इतिहासाचा चर्चावर्ग सुरू केला. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने संशोधनाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. नैसर्गिक विज्ञानाची प्रतिष्ठा वाढत असण्याचा तो काळ. ग्रंथालय ही मानव्यविद्यांची प्रयोगशाळा आहे, असा दावा तेव्हा आग्रहाने केला जाई. प्रयोगशाळेतील प्रयोग जसा दुसऱ्याला पुन्हा करून पाहता यावा, तसे निबंधातील विधानही दुसऱ्याला पुन्हा पडताळून पाहता यावे, ही अपेक्षा त्यातून आली. चर्चावर्गातील मोजक्या विद्यार्थ्यांसाठी असलेला हा उपक्रम विसाव्या शतकाच्या आरंभी पदवीच्या वर्गांपर्यंत पोचला आणि सत्रान्त निबंध या नावाने नेमाचा झाला. मात्र चर्चावर्गात जो प्रश्न समोरासमोर विचारला जाई, तो मोठ्या वर्गात विचारणे शक्य राहिले नाही. त्याची जागा लेखी नियमांनी घेतली.

३

हे नियम आले कोठून? ते चर्चावर्गातून आले नाहीत, छापखान्यातून आले. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपले कंपॉझिटर आणि मुद्रितशोधक यांच्यासाठी जमविलेले नियम १९०६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. विरामचिन्हे, मोठी अक्षरे, टिपांची मांडणी, टाइपांचे नमुने असा त्याचा विषय होता. लेखकांनी वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून पाठविलेल्या मुद्रणप्रती एकसारख्या करण्यात वेळ आणि पैसा जाई. तो वाचावा हा त्याचा व्यावहारिक हेतू. याच विद्यापीठात केट टुराबियन या १९३० पासून १९५८ पर्यंत प्रबंध-सचिव होत्या. सादर होणारा प्रत्येक प्रबंध त्यांच्या मेजावरून जाई. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९३७ साली एक छोटी पुस्तिका तयार केली. मुद्रणालयाचे नियम टंकलिखित प्रबंधाला कसे लावावेत, एवढेच तीत सांगितले होते. तिचाच विस्तार होऊन पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. प्राध्यापकवर्गात नसलेल्या एका कार्यालयीन कर्मचारी स्त्रीने अनेक पिढ्यांच्या संशोधनलेखनाला बाह्यरूप दिले, ही गोष्ट विद्यापीठीय इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

वाङ्मयाच्या क्षेत्रात निर्णायक ठरलेले पाऊल १९५१ सालचे आहे. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचे तत्कालीन सचिव आणि तिच्या नियतकालिकाचे संपादक विल्यम रायली पार्कर यांनी जेमतेम तीस पानांचे एक शैलीपत्रक तयार केले. त्या वेळी प्रत्येक नियतकालिकाची रीत निराळी असे. एकाने परत पाठविलेला लेख दुसऱ्याकडे धाडावयाचा, तर सर्व टिपा नव्याने लिहाव्या लागत. अनेक संपादकांशी आणि विद्यापीठीय मुद्रणालयांशी विचारविनिमय करून पार्कर यांनी समान संकेत निश्चित केले. हे पत्रक प्रकाशनासाठी लेख पाठविणाऱ्या विद्वानांना उद्देशून होते. विद्यार्थी हा त्याचा अभिप्रेत वाचक नव्हता. तरीही अध्यापकांनी ते आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिले, आधी संशोधन करणाऱ्यांच्या आणि मग पदवीच्या विद्यार्थ्यांच्या.

या स्थलांतराचा परिणाम नीट लक्षात घ्यावयास हवा. दुप्पट अंतराचा नियम पाहा. मुद्रणप्रतीच्या संपादकाला दोन ओळींमध्ये दुरुस्ती लिहिता यावी, कंपॉझिटरला ती वाचता यावी, यासाठी ते अंतर होते. एक इंचाचा समास शंका आणि सूचना लिहिण्यासाठी होता. ग्रंथनामाखालची रेघ ही सजावट नव्हती. ‘येथे तिरका टाइप लावा’ अशी ती कंपॉझिटरला केलेली खूण होती. टिपा स्वतंत्र कागदांवर, लेखाच्या शेवटी टंकलिखित कराव्यात, कारण त्यांची जुळणी लहान टाइपात स्वतंत्रपणे होई. वर्गात सादर केलेला निबंध मात्र कोणत्याही छापखान्यात जात नसे. न येणाऱ्या कंपॉझिटरसाठी विद्यार्थी वर्षानुवर्षे रेघा ओढीत राहिला. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेने अधोरेखनाऐवजी तिरका टाइप वापरावा असे सांगितले ते २००९ सालच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे संगणक घरोघरी पोचून बराच काळ लोटल्यावर.

तथापि, छापखान्यातून आलेले सर्वच निरर्थक ठरते असे नाही. कंपॉझिटरसाठी सोडलेली जागा अध्यापकाच्या शेऱ्यांसाठी उपयोगी पडली. समासातील शेरा हा चर्चावर्गातील प्रश्नाचाच अवशेष होय. समास मोकळा आहे, याचा अर्थ निबंध अजून अपुरा आहे, त्यावर दुसऱ्याचा हात फिरावयाचा आहे. ही जाणीव ज्या वर्गात जागी असते तेथे एक इंचाचा नियम अर्थपूर्ण असतो. जेथे निबंध परत मिळतो तो समास कोराच ठेवून, तेथे तो निव्वळ मोजमाप असतो.

४

१९७७ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. जोसेफ जिबाल्डी आणि वॉल्टर अक्टर्ट यांनी सिद्ध केलेली मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची हस्तपुस्तिका या वर्षी निघाली. शोधनिबंध लिहिणारा विद्यार्थी हा आता उघडपणे तिचा वाचक होता. याच वर्षी इटलीत उम्बर्तो एको यांचे पदवीप्रबंध कसा लिहावा हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय एक, वर्ष एक; परंतु दोन्ही पुस्तकांची वृत्ती भिन्न आहे.

हस्तपुस्तिका समान संकेतांची संहिता आहे. तिच्या १९८४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने एक मोठा बदल केला. टिपांतून संदर्भ देण्याऐवजी वाक्याच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव आणि पृष्ठांक द्यावा, व शेवटी उल्लेखित ग्रंथांची सूची जोडावी, असे तिने ठरविले. कंसातील संदर्भाची युक्ती मुळात विज्ञानातली. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीच्या वर्गातील एका प्राण्याच्या अंड्याच्या विकासावर लिहिलेल्या निबंधात लेखक आणि वर्ष कंसात देण्याची रीत आढळते. विज्ञानाला वर्ष महत्त्वाचे, कारण तेथे नवे जुन्याला मागे टाकते. वाङ्मयाला पान महत्त्वाचे, कारण तेथे शब्दच साक्षीदार असतात. म्हणून वाङ्मयीन पद्धतीत वर्षाऐवजी पृष्ठांक आला. ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’ यांसारख्या निर्देशांची गरज या पद्धतीने संपली. त्याबरोबर बेल आणि गिबन यांच्या तळटिपांत चालणारा वाद, उपरोध, शंका यांची जागाही आकसली. साक्ष राहिली, साक्षीची उलटतपासणी कमी झाली.

एको यांचा आरंभबिंदू वेगळा होता. १९६९ नंतर इटलीतील विद्यापीठांचे दरवाजे व्यापक वर्गाला खुले झाले होते. नोकरी करणारे, राजधानीपासून दूर राहणारे, घरी पुस्तके नसलेले विद्यार्थी पदवीप्रबंधाच्या अटीला सामोरे जात होते. साधनांची टंचाई असलेल्या विद्यार्थ्याला प्रामाणिक संशोधन शक्य आहे काय, हा एको यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल त्यांनी आपल्या जन्मगावच्या, आलेस्सांद्रियाच्या, ग्रंथालयात काही दुपारी बसून बरोक काळातील रूपकविचारावरील एका कल्पित प्रबंधाची संदर्भसूची उभी करून दाखविली. अंतिम प्रत कशी दिसावी हे सांगणारे प्रकरण त्यांनी टंकलिखित पानांच्या रूपातच छापले. त्यांच्या पुस्तकात नियम आहेत, पण प्रत्येक नियमाच्या मागे तो कोणाच्या उपयोगाचा याचे कारण आहे. संदर्भ देणे म्हणजे ऋण फेडणे, ही त्यांची भूमिका.

या ऋणाच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारा एक प्रसंग त्यांनी त्याच पुस्तकात नमूद केला. स्वतःचा प्रबंध लिहिताना ते एका अवघड मुद्द्यावर अडले होते. जुन्या पुस्तकांत मिळालेल्या, व्हाले नामक एका विस्मृत धर्मोपदेशकाच्या ग्रंथात त्यांना त्याची किल्ली सापडली; क्षुल्लक लेखकाकडूनही शिकता येते, ही विद्येची नम्रता होय, असा धडा त्यांनी दिला. पुढे १९८५ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी कबुली दिली की, तो ग्रंथ पुन्हा उघडून पाहता ती कल्पना त्यात नव्हतीच. वाचता वाचता ती त्यांना स्वतःलाच सुचली होती आणि श्रेय त्यांनी व्हाले यांना दिले होते. या कथेचे तात्पर्य दुहेरी आहे. प्रामाणिक माणसाचा निर्देशही चुकीचा असू शकतो. आणि ती चूक कळली ती ग्रंथाचे नाव, कर्ता व ठिकाण नोंदलेले होते म्हणूनच. नियमबद्ध निर्देश सत्याची हमी देत नाही. तो असत्य सापडण्याची सोय करून ठेवतो.

५

मराठीतील संशोधनाला हा इतिहास परका नाही. दोन ठिकाणी तो थेट जुळतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी बर्लिन विद्यापीठात हाइन्रिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या खंडाचे कोणतेही पान उघडले तर वर श्लोक आणि तळाशी पाठभेदांची दाट पट्टी दिसते. ‘हे कोठे पाहिले?’ या प्रश्नाचे पुण्यात दिलेले ते उत्तर होय. दुसरे उदाहरण विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून साधन आधी, मत मागून, हा दंडक त्यांनी घालून दिला. १९०९ साली त्यांनी एका प्राचीन पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र नंतरच्या अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. संपादक कितीही अधिकारी असला तरी, साक्षीदार हजर नसेल तर वाद मिटत नाही, हेच यावरून दिसते.

विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र हा वारसा फारसा उतरला नाही. तेथे तयार नियम जसेच्या तसे लावले गेले आणि ते मराठी सामग्रीला अनेकदा अपुरे पडले. आडनाव आधी, हा नियम राजवाडे यांना चालतो. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम यांना तो लावता येत नाही. ‘केशवसुत’ हे दामले यांच्याखाली नोंदावेत की टोपणनावाखाली, ‘ग्रेस’ हे गोडघाटे म्हणून शोधावेत काय, याचा निर्णय परकीय हस्तपुस्तिका देऊ शकत नाही. पृष्ठांकाचेही तसेच. ज्ञानेश्वरीचा निर्देश अध्याय आणि ओवी यांनी होतो. तो पानावर अवलंबून नाही, म्हणून कोणत्याही आवृत्तीत सापडण्याच्या जवळपास जातो. तुकारामांच्या अभंगाचा क्रमांक मात्र गाथेगाथेत बदलतो. पु. मं. लाड यांनी संपादित केलेल्या १९५० सालच्या सरकारी गाथेतील क्रमांक दुसऱ्या गाथेत भलत्याच अभंगाकडे नेण्याचा संभव असतो. तेव्हा आवृत्ती न सांगता दिलेला अभंगक्रमांक नियमात बसूनही निरुपयोगी ठरतो. पृष्ठांक हवा की क्रमांक, हा प्रश्न गौण आहे. वाचक त्या स्थळी पोचेल काय, हा खरा प्रश्न आहे.

६

एकविसाव्या शतकात परीक्षेच्या थराला नवे बळ मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम लागू केले. प्रबंधातील मजकुराचे अन्य मजकुराशी असलेले साम्य टक्क्यांत मोजावे, दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा, साठपर्यंत वर्षभराची बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द, अशा पायऱ्या त्यांत आहेत. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळलेली आहेत. उचलेगिरीला आळा घालण्याची गरज निर्विवाद आहे. परंतु साम्य मोजणारे यंत्र शब्दांचे साम्य पाहते; निर्देश खरा आहे काय, हे त्याच्या कक्षेत येत नाही. न वाचलेल्या ग्रंथाचे नाव दुसऱ्याच्या सूचीतून उचलून घातले तर ते वगळलेल्या भागातच जाऊन बसते.

२०२२ च्या अखेरीपासून भाषिक यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि हा पेच उघडा पडला. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राच्या साह्याने तयार केलेल्या निवेदनात जे पूर्वनिर्णय दाखल केले, त्यांतील कित्येक अस्तित्वातच नव्हते. खटल्याचे नाव, वर्ष, खंड, पान हे सारे बाह्यतः बिनचूक होते. शोधनिबंधाच्या सूचीतही हेच घडू शकते, आणि घडते. पूर्वी सूचीची नेटकी मांडणी हे श्रमाचे लक्षण मानता येई. ग्रंथ हाताळल्यावाचून आवृत्ती, प्रकाशनस्थळ आणि पृष्ठांक लिहिणे अवघड होते. आता बाह्यरूप श्रमापासून सुटे झाले आहे. राबेनर यांनी थट्टेत कल्पिलेल्या संहितेवाचूनच्या टिपा आता प्रत्यक्ष अवतरल्या आहेत, फक्त त्यांच्यावर कोणी हसत नाही.

यावरून संकेत सोडून द्यावेत असा निष्कर्ष निघत नाही. उलट, ते कशासाठी होते याची आठवण अधिक निकडीची होते. परगावच्या महाविद्यालयात, मोजक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तीनच ग्रंथ पाहिले असतील आणि तिघांचीही आवृत्ती, पान, पाहिल्याचे ठिकाण खरेपणाने नोंदले असेल, तर त्याची तीन नोंदींची सूची पन्नास नोंदींच्या उसन्या सूचीहून शोधनिबंधाच्या मूळ कल्पनेला अधिक जवळची आहे. मात्र ती तशी ओळखली जाण्यासाठी परीक्षकाने समास मोजून थांबता कामा नये. सूचीतील दोन नोंदी निवडाव्यात, ते ग्रंथ उघडावेत, आणि मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला रांके यांच्या वर्गातला तोच साधा प्रश्न विचारावा : हे कोठे पाहिले?